पंचाचं बोट

गुरुवार, २७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

पोपटचा फोन आला. पोपट म्हणजे आमच्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी. रविवारी क्वार्टर्समागच्या मैदानावर मुलींची मॅच आहे, खडकी विरुद्ध मांजरी. वीस ओव्हर, सीझन बॉल. नेहमीचे पंच पुतण्याच्या लग्नाला साताऱ्याला चाललेत. पोपट म्हणाला, संजयराव, तुमच्याशिवाय दुसरं कोणी डोळ्यांसमोर येत नाही. विचार करून सांगतो म्हणालो आणि फोन चालू असतानाच विचार करून हो म्हणालो. मागून त्याची बायको 'हे तरी हो म्हणाले का' असं काहीतरी विचारत होती. संदर्भ लागला नाही.

निवड योग्यच आहे. फॅक्टरीत स्टोअरला सव्वीस वर्षं झाली, माझ्या रजिस्टरवर कोणी शंका घेतलेली नाही. शिवाय काल संविधान दिन. विहारात उद्देशिकेचं वाचन मी केलं. 'सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय' इथं आवाज आपोआप चढला. पोपट पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या मनात तेव्हाच ठरलं असणार.

एक नाजूक मुद्दा. आमची दीक्षा खडकीकडून खेळते. ओपनिंगला जाते आणि विकेटकीपिंगही करते. पंचाचीच मुलगी म्हटल्यावर लोक बोलणार. बोलू देत. खुर्चीवर बसल्यावर माणसाला नातं नसतं. (पंच उभा असतो. पण मुद्दा तोच.)

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. चार किलोमीटर चालणे. पन्नास बैठका, कारण पंचाला प्रत्येक चेंडूला वाकावं लागतं. आणि पेपर नीट वाचून रोज चालू घडामोडींवर मत नोंदवणे. ज्याला जगाचं भान नाही, तो एलबीडब्ल्यू काय देणार.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

पाचला उठलो. म्हणजे जाग आली. ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ पडला होता. गाव कोणतं ते कळत नाही, बिबट्या मात्र स्पष्ट आहे. अशा परिस्थितीत कुटुंब असलेल्या माणसानं अंधारात एकट्यानं बाहेर पडणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. उजाडल्यावर गेलो. दूध आणलं. जाऊन-येऊन सहाशे मीटर धरायला हरकत नाही, मध्ये चढ आहे.

चालू घडामोडी: युद्ध थांबवायची बोलणी चालू आहेत. मध्यस्थावर दोन्ही बाजूंचा विश्वास नाही. माझं मत असं की मध्यस्थानं आधी आपल्या माणसांवर कडक व्हावं. मग समोरचा आपोआप ऐकतो. हे इतकं साधं आहे, पण एकाही अग्रलेखात आलेलं नाही.

बैठका संध्याकाळी.


त्याच दिवशी, रात्री ८.४५

जेवताना दीक्षाला सांगितलं. तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली. दुसरं कोणी नाही का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पोपटच्या डोळ्यांसमोर नाही.

मग तिनं जे सांगितलं ते नवीन होतं. रविवारी अक्षता मॅडम मॅच बघायला येणार आहेत. या एका अकादमीच्या कोच. डिसेंबरच्या शिबिरासाठी त्यांना दोन मुली हव्यात. दीक्षा सतरा वर्षांची आहे, पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नाही. मॅडम खडकीची ही एकच मॅच बघणार. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली की बाबा, तुम्ही नाही म्हणा.

मला तिचा स्वभाव माहीत आहे. सिलेक्शन झालं तर लोक म्हणतील की बाप पंच होता. ते बोलणं तिला नको आहे. मी तिला शब्द दिला की असं कोणालाही म्हणता येणार नाही, तशी सोय मी करीन. तिचा चेहरा उलट जास्तच उतरला. लहान आहे.

दीक्षाच्या आईनं, शर्मिलानं, भांडी घासता घासता विचारलं, तुम्हाला पंच व्हायचंय की पंच दिसायचंय. प्रश्न नीट कळला नाही. टाकी भरली का बघायला गेलो.

बैठका राहिल्या. उद्या शंभर.


शनिवार, २९ नोव्हेंबर, दुपारी १.००

बैठका: बावीस. सोफ्यावरून उठणं धरून सव्वीस. शर्मिलाला हात द्यावा लागला, पण तो शेवटच्या दोनलाच.

नंतर आरशासमोर खुणांचा सराव. चौकार, षटकार, वाइड, बाय, सगळं जमतं. आऊटचं बोट मात्र सहज जात नव्हतं. कधी खांद्यापाशी अडकायचं, कधी रिक्षा थांबवल्यासारखं दिसायचं. चाळीस-पंचेचाळीस वेळा केलं तेव्हा आत्ता कुठे वजन आलंय. नॉट आऊटचा सराव केला नाही. त्यात करायचं काही नसतं, नुसतं उभं राहायचं असतं.

पांढरा कोट शेजाऱ्यांचा मिळाला. ते लॅबमध्ये आहेत. खिशावर 'रक्त-लघवी तपासणी' असं भरतकाम आहे. पेन अडकवला की 'रक्त' तेवढं दिसतं.

चालू घडामोडी: आपण टेस्ट हरलो. पंचांमुळे नाही, हे मोठ्या मनानं मान्य करायला हवं. पण लोक मान्य करत नाहीत. देशात पंचांवरचा विश्वास कमी झाला आहे. रविवारी खडकीत तो वाढायला हरकत नाही.

दीक्षा सकाळपासून भिंतीवर चेंडू मारतेय. ठप, ठप, ठप. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाली.


त्याच दिवशी, संध्याकाळी ६.२०

पिच बघायला गेलो होतो. तिथं मांजरीच्या टीमचे मॅनेजर आधीच हजर. मच्छिंद्रराव. पन्नाशीचा भक्कम माणूस, ऊस होता तिथं आता अर्ध्या जमिनीवर बिल्डिंगा झाल्यात, उरलेल्या अर्ध्यात अजून ऊस लावतात. टीम स्वतःच्या गाडीतून आणतात. त्यांची मुलगी शेफाली फास्ट बोलर आहे. पिचवर अंगठा दाबून बघत होते.

मी ओळख दिली, पंच रणपिसे. दीक्षाचा विषय काढला नाही. वडील म्हणून नाही, पंच म्हणून भेटत होतो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि मग सांगायला लागले. मागच्या एका मॅचला पंचानं घरच्या पोरी सांभाळल्या. तवा आम्ही गप बसलो, म्हणाले. औंदा न्हाय बसणार.

हे माझ्याकडे बघून म्हणाले. 'घरच्या पोरी' म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत आहे. आडून सांगून गेले. असा माणूस उद्या वीस अधिक वीस, चाळीस ओव्हर माझ्यावर नजर ठेवणार.

जेवणाआधी आरशासमोर बोटाचा आणखी एक सराव करून घेतो. कमी पडायला नको.


रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी ६.१५

मांड्या धरल्या आहेत. जिना आडव्यानं उतरावा लागला. शरीर तयार होत असल्याचं हे लक्षण आहे. पण आज आणखी व्यायाम करणं म्हणजे अतिरेक. चालणं रद्द.

दीक्षा चहा न घेता गेली. जाताना दारात थांबली. काहीतरी बोलेल असं वाटलं. बुटाची नाडी बांधून गेली.

शर्मिला दवाखान्यात ड्यूटीवर. जाताना एवढंच म्हणाली की जमेल तेवढा चेंडू बघा.

चालू घडामोडी: पेपर आला. उघडला नाही.


त्याच दिवशी, सकाळी ९.२५ (इनिंग ब्रेक, स्कोअरशीटच्या मागे)

मांजरी २० ओव्हरमध्ये ११२. परिस्थिती माझ्या पूर्ण नियंत्रणात आहे.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. चौथ्या ओव्हरला मांजरीच्या ओपनरची कड लागली. मागे दीक्षानं झेप घेऊन कॅच घेतला. चांगला कॅच होता. सगळ्यांनी आवाज ऐकला, मीही ऐकला. पण घरच्याच मुलीच्या अपीलवर चटकन बोट वर गेलं असतं तर ते कसं दिसलं असतं? म्हणून तीन सेकंद विचार केला. तीन सेकंद झाल्यावर बोट वर करणं आणखी संशयास्पद दिसलं असतं. नॉट आऊट दिलं. ती मुलगी पॅव्हेलियनकडे निघाली होती, अर्ध्या वाटेवरून तिला परत बोलवावं लागलं. पुढे तिनं ३८ केल्या. तो तिचा खेळ.

खडकीच्या बोलरना वाइड नऊ दिले. कॅप्टननं त्यातल्या दोन वाइडबद्दल विचारणा केली. मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुन्हा विचारलं नाही.

वाकता येत नाहीये. ताठ उभं राहूनच बघतो. वरून उलट जास्त दिसतं.

अक्षता मॅडम कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या आहेत. मांडीवर वही. मच्छिंद्रराव मिडविकेटच्या बाउंड्रीवर हाताची घडी घालून उभे. दर ओव्हरला त्यांच्याकडे बघून घेतो. चेहऱ्यावर काही नाही. समाधान झालेलं दिसत नाही.

अजून एक इनिंग आहे.


त्याच दिवशी, सकाळी ११.४०

खडकी चार रननी हरली. दीक्षा ४३, एलबीडब्ल्यू.

निर्णय पंचाचा असतो. निर्णय बरोबर होता.

घरात कोणी नाही. शर्मिला दोनला येईल. दीक्षा मुलींबरोबर थांबली आहे.


त्याच दिवशी, दुपारी ४.००

टीव्हीवर वन-डे चालू आहे. दोन विकेट पडल्या म्हणतात, मी बघत नाहीये. आवाज मात्र चालू ठेवलाय. दीक्षा आत आहे, दार लावून. शर्मिला आली, तिच्याशी दारातून काहीतरी बोलली, मग माझ्यासमोर ताट ठेवून गेली. ताटात सगळं होतं. ती बसली नाही.

नोंद पूर्ण असावी म्हणून सविस्तर लिहितो.

११३ करायच्या होत्या. दीक्षा सुरेख खेळत होती. हे मी तटस्थपणे लिहितोय. कव्हरमधून तिनं मारलेला एक चौकार असा होता की खूण करताना माझा हात जरा जोरात गेला, मग मी तो आवरला. साडेसतरा ओव्हर झाल्या तेव्हा ९४ ला ४. पंधरा चेंडूंत १९ हव्या. ती ४३ वर. मॅडम खुर्ची सोडून दोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

बोलिंगला शेफाली. धाव घ्यायला सुरुवात केली. आणि त्याच वेळी मिडविकेटवरून मच्छिंद्रराव ओरडले, 'पंच'. नुसतं 'पंच', पुढं काही नाही.

चेंडू पडला. दोन आवाज आले. एक टक आणि एक ठप. आधी कोणता, हे वाऱ्यामुळे नक्की सांगता येत नाही.

वारा नव्हता.

शेफालीचे हात अर्धे वर गेले आणि खाली आले. अपील म्हणावं असं ते नव्हतं. मागून दोघी-तिघी ओरडल्या. माझं बोट वर गेलं. अगदी सहज गेलं, वजन होतं त्यात. वर गेल्यावर मला दिसलं की ते वर गेलंय.

दीक्षानं माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही. बॅट उलटी करून कडेकडे बघितलं. तिथं लाल डाग असेल किंवा नसेल, मी वीस यार्डांवर होतो. तिनं तो कोणाला दाखवला नाही. ग्लोव्ह काढत चालत गेली. मॅडमनी वही मिटली.

मी मच्छिंद्ररावांकडे बघितलं. आता तरी मान हलवतील असं वाटलं होतं. ते डोक्यावर हात ठेवून उभे होते.

चेंडू मी पाहिला. साधारण पाहिला.


त्याच दिवशी, संध्याकाळी ७.१०

साडेपाचला बेल वाजली. दार उघडलं तर मच्छिंद्रराव. हातात दीक्षाचं हेल्मेट. सामान भरताना त्यांच्या गाडीत गेलं होतं, आत नुसतं 'दीक्षा' आणि पत्ता होता, तेवढ्यासाठी मांजरीहून परत आले होते. मला बघून उंबऱ्यातच थांबले. पंच, तुम्ही हितं ऱ्हाता, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी हेल्मेटमधलं नाव पुन्हा वाचलं. मग आत भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, शाळेच्या बक्षीस समारंभातला, दीक्षा, शर्मिला आणि मी.

'ही तुमची पोरगी हाय?'

मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी हेल्मेट हळूच खाली ठेवलं. म्हणजे काल त्यांना माहीत नव्हतं. आजही नव्हतं. चाळीस ओव्हर त्यांना माहीत नव्हतं.

शर्मिलानं त्यांना बसवलं, चहा ठेवला. कपात बघत ते हळूहळू बोलले. मैदानात कुत्रं शिरलं होतं, माझ्या पाठीमागून धावत होतं, म्हणून त्यांनी हाक मारली. चेंडू थांबवा म्हणायचं होतं, तेवढ्यात पडला. मग कप खाली ठेवून म्हणाले, 'बॅट लागली हुती, पंच. आमच्या शेफालीनं सोता ऐकली. गाडीत बसल्यापास्नं माझ्याशी बोलंना झालीय, म्हणतीय असली विकेट मला नको.'

मी खुलासा करणार होतो. कडेपासूनचं अंतर, उन्हाची तिरीप, असे दोन-तीन मुद्दे तयार होते. पण त्यांनी काही विचारलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते माझ्यासाठी वाईट वाटत होतं. ते बघून मला अजून तो पांढरा कोट घालूनच बसल्यासारखं झालं.

शेफाली खाली गाडीत बसली होती. दीक्षा खाली गेली. गॅलरीतून बघितलं. दोघी गाडीला टेकून उभ्या होत्या. शेफाली हातवारे करून काहीतरी सांगत होती, दीक्षा ऐकत होती. एकदा दोघी हसल्या. कशाला ते कळलं नाही, अंदाज आहे.

वर आल्यावर दीक्षा आईशी बोलली, मी ऐकलं. शेफालीनं दुपारीच अक्षता मॅडमना फोन करून सांगितलं होतं की दीक्षा आऊट नव्हती. मॅडमनी ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाल्या.

आज व्यायाम नाही. घडामोडी वर लिहिल्याच आहेत.


सोमवार, १ डिसेंबर, दुपारी १.२० (कँटीन)

पोपटला फोन केला. एकूण परिस्थितीचा लेखी अहवाल मंडळाला द्यावा म्हणतो, असं सुचवलं. पोपट म्हणाला, सोडा हो संजयराव. आठव्या माणसाकडून किती अपेक्षा करायची. मी विचारलं, आठवा कोण. तो म्हणाला की सात जण नाही म्हणाले होते, मग तुम्ही. रागानं बोलला नाही. गणपतीच्या वर्गणीची यादी वाचून दाखवावी तसा त्याचा आवाज होता.

त्यानंतर मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला. कुणीतरी अठरावी ओव्हर शूट केली आहे. खाली पोपटचा मेसेज, पंचांचे सहकार्याबद्दल आभार, आणि हात जोडलेले दोन इमोजी.

आवाज बंद करून बघितला. शेफाली धावत येतेय. डावीकडून एक तांबडं कुत्रं. मध्ये पांढऱ्या कोटातला एक जाड माणूस, पाय फाकवून. बोलर त्याच्याजवळून पुढं जाते आणि हा माणूस मान वळवून भलतीकडेच बघतोय. चेंडू पडतो, बॅटला लागतो, मग पॅडला. एवढ्याशा स्क्रीनवरसुद्धा दिसतं. माणूस अजून भलतीकडेच बघतोय. मग मान सरळ करतो आणि बोट वर करतो.

हा कोण, असं क्षणभर खरंच मनात आलं.

पुन्हा बघितला. चार वेळा बघितला. चौथ्यांदा माणसाकडे नाही, दीक्षाकडे बघितलं. चेंडू लागल्यावर ती एक रन काढायला निघाली होती. दोन पावलं पुढं आली होती. तिनं पंचाकडे बघितलंच नव्हतं, कारण बघायचं काही कारणच नव्हतं. रन पळायची, एवढंच तिच्या डोक्यात. मग तिनं वर बघितलं.

डबा तसाच आहे.


त्याच दिवशी, रात्री ८.३०

फॅक्टरीतून येताना बोलायचं काय ते ठरवलं होतं. आधी परिस्थितीची पार्श्वभूमी, मग मानवी चूक ही संकल्पना, जगातल्या मोठमोठ्या पंचांची उदाहरणं, आणि शेवटी खेद. चालत आलो, म्हणून नीट रचता आलं.

दीक्षा जमिनीवर बसून बॅटला टेप लावत होती. मी समोर बसलो. बसताना मांड्यांनी आवाज केला. पार्श्वभूमी आठवली नाही. म्हटलं, माझं चुकलं, मी चेंडू पाहिलाच नव्हता.

ती टेप लावत राहिली. म्हणाली, माहितीय.

मी म्हटलं की पंचांकडून चुका होतात. तेवढं पाठांतरातलं तोंडून गेलंच. तेव्हा तिनं बॅट बाजूला ठेवली. आवाज चढवला नाही. आईसारखंच आहे हे.

'बाबा, चुकीचं आऊट दिलंत त्याचं काही नाही. पंच चुकतात. पण तिथं दुसरी कुठलीही मुलगी असती ना, तर तुम्ही नॉट आऊट दिलं असतं. मी तुमची होते म्हणून आऊट झाले.'

टेपचं रीळ घरंगळलं होतं, ते उचलून तिच्याजवळ ठेवलं.  

पुढचं शर्मिलानं सांगितलं. संध्याकाळी अक्षता मॅडमचा फोन येऊन गेला. शेफालीची निवड झाली. एक जागा शिल्लक आहे. त्यासाठी शनिवारी नेटमध्ये चार मुलींना बघणार आहेत, त्यात दीक्षा. मॅडमनी तिचे ४३ लिहून ठेवले होते, कॅचही लिहून ठेवला होता, नॉट आऊट दिलेला. पण चार मुली आहेत. काही सांगता येत नाही. मच्छिंद्रराव शेफालीबरोबर दीक्षालाही गाडीतून नेणार आहेत. पालकांनी येऊ नये असा नियम आहे. मी विचारलं, सगळ्या पालकांना? शर्मिला म्हणाली, सगळ्या.

कोट धुवून परत केला. शेजाऱ्यांनी मॅच कशी झाली विचारलं. चार रननी हरलो म्हणालो. आम्ही हरलो, असं म्हणालो, हे नंतर लक्षात आलं.


मंगळवार, २ डिसेंबर, सकाळी ७.३५

अलार्म लावला नव्हता. साडेपाचला ठप ठप ऐकू आलं. दीक्षा खाली, मागच्या भिंतीपाशी. अंधार होता. बिबट्याचं आठवलं, तेव्हा जिन्यात होतो.

म्हटलं, मी चेंडू टाकतो. तिनं नाही म्हटलं नाही, म्हणून टाकले. सहावा टाकल्यावर खांद्यात कळ आली. सातवा तिच्यापर्यंत पोचला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातली बादली उचलली आणि माझ्या हातात दिली. चेंडू गोळा करायचे.

केले. ती भिंतीवर मारायची, परत आलेला खेळायची, सुटलेले मी आणायचो. पाऊण तास. किती वेळा वाकलो ते मोजलं नाही, मोजायचं लक्षातच आलं नाही. एक चेंडू गटारात गेला. तो काढून, नळाखाली धुवून दिला. फार सुंदर मारतेस असं सांगायचं होतं. पण बादली देतानाच तिनं बोलू नका म्हणून सांगितलं होतं. बोललो नाही. एकदा 'वा' गेलं तोंडून. तिनं पुढचा चेंडू जरा थांबून मारला.

वर आल्यावर शर्मिलानं विचारलं, काय काम मिळालं. मी सपोर्ट स्टाफ म्हणालो. तिनं माझ्या शर्टावरचं गटाराचं पाणी बघितलं आणि गॅसकडे वळली. हसली असावी, पाठीवरून नक्की सांगता येत नाही.

चहा देताना तिनं विचारलं, उद्या बोलावलंय का.

बोलावलेलं नाही. येऊ नका असंही म्हटलेलं नाही.